गरम फरशी आणि कुसुमकाकूंचा खड्डा

नवं घर घेतलेले लोक पाहुण्यांना आधी किचन दाखवतात, मग बाथरूममधला शॉवर, मग गराज. मी दारात चपला काढते आणि हॉल ओलांडेपर्यंत माझ्या तळपायांनी निम्मं घर बघून टाकलेलं असतं. फरशी कसली आहे, बसवणारा घाईत होता की निवांत, खाली कुठे पोकळ राहिलंय का, सगळं कळतं. आमचे हे दटावतात, "मंदा, लोक गृहप्रवेशाला बोलावतात, इन्स्पेक्शनला नाही!" पटतं मला. पण शिकागोच्या उपनगरात, शॉमबर्गमधल्या एका फ्लोअरिंगच्या दुकानात अर्धं आयुष्य काढल्यावर नजर आपोआप खालीच जाते, त्याला इलाज नाही.

नागपूरहून आले तेव्हा माझ्या लेखी फरशी म्हणजे पुसायची वस्तू. दुकानात नोकरी लागली तीही गल्ल्यावर. तिथून सॅम्पलच्या भिंतीपर्यंत मी कशी पोचले ही कथा लांबलचक आणि कंटाळवाणी आहे, ती सोडा. मला सांगायचंय ते गरम फरशीबद्दल, कारण तो विषय निघाला की माझा आवाज आजही चढतो. रिटायर झाल्यावरही मी आठवड्यातून दोनदा दुकानात जाते ती या एकाच विषयावर बोलायला मिळतं म्हणून, असं आमचा मालक म्हणतो. खोटं नाही ते.

तर ऐका. आमच्याकडच्या हिवाळ्यात भिंतीतल्या जाळ्यांमधून गरम हवा फूफू करत येत असते. नाक कोरडं, ओठ फुटलेले, डोकं तापलेलं आणि पाय मात्र बर्फ! पण काही घरांत जमिनीखालून प्लास्टिकच्या नळ्या नागमोडी फिरवलेल्या असतात आणि त्यांतून कोमट पाणी खेळवतात. हीटर कुठे दिसत नाही, आवाज नाही, आणि पाय कोवळ्या उन्हात ठेवल्यासारखे. लहानशा बाथरूममध्ये पाण्याऐवजी विजेच्या तारांची चटई घालतात, तत्त्व तेच. मी पहिल्यांदा अशा फरशीवर उभी राहिले तेव्हा "अगं आई गं!" असं इतक्या जोरात म्हणाले की सगळं दुकान वळून बघायला लागलं.

गोम अशी आहे, की खाली कितीही ऊब असो, ती तुमच्या पायापर्यंत पोचू द्यायची की नाही हे वरची फरशी ठरवते. लोक नेमके इथेच घसरतात. खाली हौसेने पाईप घालून घेतात आणि वर जाडजूड कार्पेट अंथरतात. म्हणजे तव्यावर घोंगडी घालायची, घोंगडीवर पोळी टाकायची आणि ती भाजत का नाही म्हणून गॅसच्या नावाने खडे फोडायचे! ओकच्या अस्सल लाकडी फळ्या दिसतात देखण्या, पण इथल्या कोरड्या हिवाळ्यात खालून ऊब लागली की आकसतात आणि फटी पडतात. मग त्या फटींत मोहरी, साबुदाणा, हरवलेलं कानातलं, काय म्हणाल ते सापडतं. व्हिनाइलच्या पट्ट्या स्वस्त, झटपट बसतात आणि ऊब बऱ्यापैकी वर सोडतात. फक्त त्यांना सोसेल तेवढंच तापवायचं, खाली जाड फोम घालायचा नाही, आणि खोक्यावर गरम फरशीला चालेल असं छापलंय ना, ते आधी वाचायचं. आणि टाइल! साधी पोर्सेलिनची टाइल! ती पटकन तापते, बराच वेळ ऊब धरून ठेवते, फुगत नाही, आकसत नाही, रुसत नाही. टाइल स्वतः स्वस्त मिळू शकते, महाग असतो तो बसवणारा माणूस. म्हणून माझा सल्ला ठरलेला: कारखान्याने बंद केलेल्या डिझाइनची उरलेली टाइल घ्या, मोठ्या आकाराची घ्या, सरळ ओळीत बसवा, तिरप्या नक्षीच्या आणि किनारीच्या नादी लागू नका. आणि टाइल फक्त हॉल-किचनमध्ये घाला, बेडरूममध्ये व्हिनाइल चालतं.

हे सगळं तोंडाने सांगून कोणाला पटत नाही. म्हणून मी एक लाकडी चौकट करून घेतली, तिच्यात विजेची चटई घातली आणि वर पाच प्रकारच्या फरशीचे तुकडे शेजारी शेजारी बसवले. दुकानात तिला मंडाज बोर्ड म्हणतात, मी पाट म्हणते. बटण दाबायचं, थोडं थांबायचं आणि गिऱ्हाइकाला अनवाणी चालायला लावायचं. एकदा एक अमेरिकन गृहस्थ तापमान मोजायचं पिस्तूल घेऊन आले. प्रत्येक तुकड्यावर नेम धरून त्यांनी आकडे वाचले, आणि मी मोजे काढा म्हटल्यावर असा चेहरा केला की जणू मी शर्टच काढायला सांगितलाय. आपली मराठी माणसं मात्र न सांगता चपला काढतात. पाटावर पायताण घालून चढायची त्यांची प्राज्ञा नाही.

प्रसाद आणि श्रुती त्याच पाटापाशी आले होते, दोन हिवाळ्यांपूर्वी. दोघंही इथल्या ऑफिसांत नोकरीला, भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये राहणारे. त्यांनी एक बैठं घर घेतलं होतं. आधीच्या मालकाने त्याचं काम अर्धवट सोडलेलं: सगळ्या घरभर पाईप घातलेले, त्यांच्यावर जिप्समचा पातळ थर ओतलेला, आणि फरशीचा पत्ता नाही. म्हणून तर ते त्यांच्या आवाक्यात आलं. पण घर घेताना दोघांचे खिसे झटकून झाले होते.

"मावशी, सगळ्यात अफोर्डेबल काय आहे ते सांगा," प्रसाद म्हणाला. "मी तर कार्पेटच म्हणतोय. सॉफ्ट असतं, आईच्या गुडघ्यांना बरं."

"कार्पेटचं नाव काढलंस तर दुकानाबाहेर घालवीन," मी म्हटलं. श्रुती खुदकन हसली. तिला ओक हवा होता, त्यामुळे पुढच्याच वाक्याला तिचंही हसू मावळलं.

त्यांच्यामागे प्रसादची आई उभी होती. कुसुमकाकू, सोलापूरच्या. नऊवारी नाही, साधी सुती पाचवारी, वर प्रसादचं जुनं जाकीट आणि पायात दोन-दोन मोजे. नवरा गेल्यावर मुलाने त्यांना इकडे आणलं होतं. सोलापुरात भाजी निवडणं, पोथी वाचणं, शेजारणीशी बोलणं, सगळं ज्यांचं जमिनीवर बसून चालायचं, त्या इथे थंड जमिनीला भिऊन पाय वर घेऊन सोफ्यावर बसून असायच्या. श्रुती काकूंना कॅटलॉग दाखवत होती तेवढ्यात प्रसाद मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, तिने मार्च एंडचं तिकीट बुक करायला लावलंय. परत जाते म्हणते. तिकडे कोणी नाहीये हो, घराला कुलूप आहे. मला वाटतं, हे घर नीट झालं, तर कदाचित ती राहील."

आता सांगा, असं ऐकल्यावर माझ्यासारखी बाई स्वस्थ बसेल? माझ्या अंगात संचारलं. मी पाटाचं बटण दाबलं आणि काकूंना म्हटलं, "मोजे काढा, काकू. चारही."

काकू पाटावर चढल्या. कार्पेटवर काही नाही. ओकवर "हं." व्हिनाइलवर "हे बरंय की." आणि टाइलवर आल्या आणि थांबल्या. राखाडी-निळी टाइल होती, बंद झालेल्या डिझाइनची, थेट शहाबादी फरशीच्या रंगाची. काकूंनी आधी खाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"हितं ऊन कुणी ठेवलंय?" त्यांनी विचारलं.

मी टाळीच वाजवली! काही केल्या त्या टाइलवरून उतरेनात. श्रुती, प्रसाद, मालक, सगळे बघत होते आणि काकू त्या चौकोनात एकदा या पायावर, एकदा त्या पायावर भार देत उभ्या. शेवटी उतरल्या आणि मोजे चढवत म्हणाल्या, "दुकानातलं सगळं चांगलंच असतं. घरी होईल तेव्हा खरं." सोलापूरच्या बाजारात घासाघीस करण्यात आयुष्य गेलेलं, त्यांना गुंडाळणं सोपं नव्हतं. पण टाइल ठरली. हॉल-किचनला ती शहाबादी रंगाची, बेडरूमला व्हिनाइल, आणि खर्च बजेटात बसला.

वास्तुशांतीचा मुहूर्त माघातला होता. टाइल बसवल्यावर लगेच खालची ऊब सुरू करायची नसते. टाइल चिकटवायचा मसाला सावकाश वाळू द्यावा लागतो, नाहीतर टाइल सुटते. तो सगळा वेळ धरून मी काम सुरू करायचा दिवस ठरवला आणि यानेकला सांगितलं. यानेक म्हणजे आमचा टाइल बसवणारा, पोलंडचा, हाताचा देव आणि तोंडाचा फटकळ.

त्या सकाळी प्रसाद काकूंना नव्या घरी सोडून, दार उघडायला सांगून, ऑफिसला गेला होता. यानेक आणि मी टाइलची खोकी घेऊन पोचलो तर दार उघडंच. मी "काकू!" म्हणून हाक मारली. उत्तर नाही. आत गेले तर काकू हॉलच्या पलीकडच्या कोपऱ्यात चक्क जमिनीवर मांडी घालून बसलेल्या, दोन्ही तळहात जमिनीवर दाबलेले, पदराचा बोळा हाताखाली, आणि भोवती सगळं ओलं.

"मंदाताई, ओरडू नका," काकू अगदी हळू आवाजात म्हणाल्या. "पाणी लागलंय."

"पाणी?"

"कोमट आहे."

शेजारी खलबत्त्यातला लोखंडी बत्ता आणि प्रसादचा स्क्रू-ड्रायव्हर! पिशवीत घालून घरून आणलेले! माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. तो कोपरा आग्नेयेचा होता. वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात खड्डा करून वास्तुपुरुषाची प्रतिमा पालथी पुरतात. प्रसादने "आई, खाली पाईप आहेत, खणता येणार नाही," असं सांगून विषय मिटवला होता. एकदा टाइल बसली की जमीन कायमची बंद होणार, म्हणून काकूंनी आजचा दिवस साधला होता. जिप्समचा थर मऊ, बत्त्याच्या चार ठोक्यांत भुगा होतो, आणि पाईप त्याच्या अगदी पोटात. अमेरिकेत गरम फरशीचे पाईप फुटण्याची कारणं यानेकने शंभर पाहिली असतील, पण हे कारण त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

"मंडा, हात काढू देऊ नको!" यानेक इंग्लिशमध्ये ओरडला आणि गराजकडे धावला. तिथे भिंतीतल्या पेटीत प्रत्येक खोलीच्या पाईपाचा वेगळा व्हॉल्व्ह असतो. आधीच्या मालकाने एकावरही नाव घातलेलं नव्हतं. "कुठला हॉलचा?" "मला काय माहीत!" "सगळे बंद करतो!" "कर, कर, सगळे कर!" मी काकूंशेजारी बसून माझी शाल बोळ्यावर दाबली. खोटं कशाला बोलू, मला थोडी मजाही येत होती. इतकी वर्षं मी लोकांना त्या नळ्यांबद्दल सांगत आले, आज पहिल्यांदा त्यांतलं पाणी माझ्या हाताला लागत होतं. हळूहळू बोळ्याखालचा जोर ओसरला. काकूंनी हात उचलले. पाणी थांबलं होतं.

मग काकूंचा चेहरा पडला. इतका वेळ त्या धीराने दाबून बसल्या होत्या, आता त्यांनी ओला पदर तोंडाला लावला. "पोराच्या घराचं वाटोळं केलं मी. आता हे सगळं उकरावं लागेल ना?"

"काही नाही उकरावं लागत, काकू. हातभर जागा मोकळी करायची, पाईपाचा फुटका तुकडा कापायचा, मध्ये जोड द्यायचा." मी ठासून बोलले खरी, पण मनात पाल चुकचुकत होती. जोड फरशीखाली कायमचा गाडला जाणार. तो जरासा जरी झिरपला तर वरची टाइल फोडावी लागणार, आणि प्रसादकडे दुसऱ्यांदा फरशी घालायची ताकद नव्हती. मग ऊब बंद करून वर कार्पेट टाकायचं आणि काकूंनी मार्चमध्ये विमानात बसायचं.

प्रसाद ऑफिसातून धावत आला. खड्डा पाहिला, बत्ता पाहिला आणि त्याचा तोल सुटला.

"आई, आर यू सिरियस? मला विचारायचं तरी!"

"विचारलं होतं. तू नाही म्हणालास."

"मग तरीही? गुरुजी म्हणाले होते ना, चांदीची प्रतिमा डबीत घालून देवघरात ठेवली तरी चालते? इथे सगळे तेच करतात. तुझ्यासाठीच चाललंय ना हे सगळं? आणि तू तर परतच चाललीयस!"

"म्हणूनच की रे," काकू म्हणाल्या. "मी जाणार. श्रुती आणि तू दिवसभर ऑफिसला. तुमच्यामागं या घराकडं बघायला कुणीतरी नको? डबीतला देव कुणी पण उचलून ठेवतो. पुरलेला जाग्यावर राहतो."

प्रसाद खाली त्यांच्याजवळ बसला आणि ओल्या पदराची पिळून घडी करत राहिला. मला भडभडून आलं, म्हणून मी यानेकवर उगाचच खेकसले, की फोन लाव तुझ्या मेहुण्याला, प्लंबर आहे ना तो.

मेहुणा आला. फुटका भाग कापला, जोड बसवला आणि जिप्सम लागू नये म्हणून त्यावर टेप गुंडाळली. मग पाईपात हवा भरून दाबाचं घड्याळ लावलं. त्या घड्याळाचा काटा जरा जरी खाली आला तरी कुठेतरी गळतंय असं समजायचं. आम्ही सगळे त्या काट्याकडे डोळे लावून बसलो. कोणी चहासुद्धा केला नाही. मॅचची शेवटची ओव्हरही मी कधी इतका जीव मुठीत धरून पाहिलेली नाही. काटा जागचा हलला नाही. यानेक म्हणाला, "ओके," आणि त्याच्या तोंडून ओके म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून हारतुरे.

त्या बसल्या वेळात काकूंनी मला विचारलं, "तुमच्याकडं कुठल्या कोपऱ्यात पुरलाय?"

"आमच्याकडे नाही पुरत, काकू. आम्ही बौद्ध. नव्या घरात वंदना झाली, खीर केली, झालं."

"मग घर कोण राखतं?"

"आम्हीच."

"तरीच तू परत गेली नाहीस," त्या म्हणाल्या. मंदाताईवरून त्या थेट 'तू'वर आल्या, आणि मला ते आवडलं.

आता खड्ड्याचं काय करायचं? प्रसाद म्हणाला, बुजवा. मी म्हटलं, थांब. माझा वास्तुपुरुषावर विश्वास नाही, पण पाईपांवर आहे, आणि पाईप कुठून गेलेत ते मला शोधता येतं. सोपी युक्ती आहे. पाणी पुन्हा सुरू करायचं, जमीन तापू द्यायची, मग ओल्या फडक्याने सगळा कोपरा पुसून काढायचा आणि बघत राहायचं. जिथे खाली पाईप, तिथे आधी वाळतं.

आम्ही तेच केलं. काकू पुढे वाकून बघत होत्या, प्रसाद मोबाइल धरून उभा. ओल्या गडद जमिनीवर एक फिकट रेघ उमटली. मग तिच्या शेजारी दुसरी, मग वळण, मग तिसरी! बघता बघता सगळी नागमोड डोळ्यांसमोर आली. "ओ माय गॉड!" प्रसाद ओरडला. माझ्याही अंगावर काटा आला, आणि मी ही युक्ती काही पहिल्यांदा करत नव्हते. दोन रेघांमध्ये, काकूंच्या खड्ड्याच्या अलीकडे, वीतभर जागा ओलीच राहिली होती. काकूंनी तिथे बोट टेकवलं. "हितं," त्या म्हणाल्या. यानेकने पेन्सिलने तिथे चौकोन काढला.

पुढचं काम वेळेत झालं. आधीचा खड्डा बुजवून वाळू दिला, ऊब बंद केली, टाइल बसली. चौकोनात यानेकने लहानसा खड्डा कोरला आणि त्यावरची एक टाइल तेवढी न चिकटवता नुसती ठेवली. वास्तुशांतीच्या आधी ऊब रोज थोडी थोडी वाढवायची होती, आणि माझं रोज दोनदा फोन करणं चालू होतं. "प्रसाद, गराजमधला पाण्याच्या दाबाचा काटा बघ." "मावशी, इट्स फाइन." "बघून सांग!" शेवटी श्रुती मला न विचारताच रोज काट्याचा फोटो पाठवायला लागली.

मुहूर्ताच्या रविवारी बाहेर हाडं गोठवणारी थंडी होती. दारात बुटांचा ढीग पडला. आत लोक मोजे काढून चालत होते, थांबत होते, एकमेकांकडे बघत होते. "यार, धिस इज अमेझिंग!" असं कोणीतरी म्हणालं आणि मी कोपऱ्यात उभी राहून गालातल्या गालात हसले. टाइल तडकू नये म्हणून होम विटांवर आणि वाळूच्या परातीत केला, ते मीच आधी बजावून ठेवलं होतं. मंत्र म्हणत गुरुजींनी आग्नेय कोपऱ्यातली टाइल उचलली, प्रतिमा ठेवली, काकूंनी वर धान्य आणि माती सारली. मग यानेकने इस्त्रीच्या शर्टाच्या बाह्या सारून मसाला लावला आणि टाइल बसवली. हात पुसता पुसता तो मला म्हणाला, की आमच्याकडे जानेवारीत फादर येऊन दारावर खडूने अक्षरं लिहून जातात. तुमचं खाली, आमचं वर, घर मधे. इतकं बोलून तो पुरणपोळीकडे वळला.

माझ्या धंद्याची एक खंत आहे. आम्ही घरं रिकामी असताना बघतो, माणसं राहायला आली की आमचं काम संपतं. ज्या फरश्यांसाठी भांडले त्यांच्यावर कोण बसलं, कोण रांगलं, कोण पडलं, मला बहुतेक वेळा माहीत नसतं. हल्ली तर लोक फोनवर फोटो बघून फरशी मागवतात, पाय लावून बघायलाही येत नाहीत. म्हणून त्या दिवशी जेवणं झाल्यावरही मी घरी जाईना. लोक निघून गेले, हे गाडीची किल्ली वाजवत दारात उभे राहिले, तरी मी आपली बसलेलीच.

काकू किचनमधून आल्या. सकाळपासून उपास, धूर, पाहुणे, पार थकलेल्या. सोफ्यापाशी गेल्या, पण बसल्या नाहीत. खिडकीच्या खाली गेल्या, भिंतीला हात टेकवत टेकवत खाली बसल्या, पाय लांब केले, आणि मग डोक्याखाली हात घेऊन कुशीवर आडव्या झाल्या. चटई नाही, सतरंजी नाही. एका मिनिटात घोरायला लागल्या! श्रुती पळत जाऊन रजई घेऊन आली आणि त्यांच्याखाली सारायला वाकली. मी तिचा हात धरला. "खाली नको गं, वरून घाल." तिने वरून घातली. प्रसाद उरलेली ताटं आवाज न करता उचलत होता, आणि मी नाक पुसत होते. आम्ही तिघं जण एका झोपलेल्या बाईच्या भोवती चोरासारखे वावरत होतो.

बऱ्याच वेळाने काकूंनी डोळे उघडले. उठल्या नाहीत. तळहात जमिनीवर पालथा ठेवून, आमच्यापैकी कोणाकडेही न बघता त्यांनी विचारलं, "प्रसाद, हे एप्रिलमध्ये पण चालू ठेवतात का रे?"

प्रसादच्या हातात ताट होतं, ते तसंच राहिलं. उत्तर मीच दिलं. "ठेवतात, काकू. आपल्याकडे एप्रिलमध्येसुद्धा बर्फ पडतो."

"मग राहू दे चालू," त्या म्हणाल्या आणि रजई खांद्यावर ओढून पुन्हा झोपल्या.